वाटेतला आठवडा

सुमा, गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळींनी तुझ्यासाठी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. आमच्या ट्रॉय गावातल्या एका शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं, बाहेर पार्किंग लॉटच्या कडेला अजून न वितळलेले काळपट बर्फाचे ढीग. जमलेल्या मंडळींतल्या एकानेही तुला कधी पाहिलेलं नव्हतं. पण वासंतीची, म्हणजे माझी, धाकटी बहीण, नागपूरला राहून अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करणारी, एवढं सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातल्या बहुतेकांचं तिकडे असं कुणीतरी आहे. कुणाचा भाऊ, कुणाची वहिनी, कुणाची लग्नाची राहिलेली बहीण. त्यामुळे शांतता अगदी मनापासून पाळली गेली. नंतर अध्यक्षांनी भाषणात तुला त्यागमूर्ती म्हटलं आणि लोकांनी माना डोलावल्या.

तू तिथे असतीस तर तोंडाला पदर लावून खुसखुसत बसली असतीस. त्यागमूर्ती रोज सकाळी दूधवाल्याशी भांडते का? दुपारी मासिक वाचताना आईची हाक आली की ऐकू न आल्याचं सोंग करते का? आईने आमटीला नाव ठेवलं की 'उद्यापासून तुला खानावळ लावते' म्हणून दम देते का? पण मला दोन शब्द बोलायला उभं केलं तेव्हा मीही तेच बोलले. प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख. बोलून झाल्यावर टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. मी खाली बसले आणि माझी मलाच शरम वाटली. तिथे जे तोंडातून निघालं नाही ते आता लिहिते आहे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, अरुण आणि रीमा, बापलेक दोघं, बाहेर गेलेत तेवढ्यात.

आम्ही इथले लोक 'घरी जातो' असं म्हणत नाही, 'इंडिया ट्रिप' म्हणतो. तुला या शब्दाचं भारी हसू यायचं. दोन वर्षं रजा साठवायची, कशीबशी चार आठवड्यांची जमवायची, बॅगा ठासून भरायच्या आणि जुलैच्या दमट हवेत आपल्या धरमपेठेतल्या दोन खोल्यांत येऊन बसायचं. मग माणसांची रांग. कोण वाळलं, कोण सुटलं, कुणाच्या मुलीला तिकडचं स्थळ पाहायचं. संध्याकाळी आम्ही बाहेर पडायचो, कारण ज्यांच्याकडे गेलो नाही ते वर्षभर आईला ऐकवणार. रीमाला डास चावून गांधी उठायच्या, अरुणचं पोट बिघडायचं, आणि परत आल्यावर ऑफिसात लोक विचारायचे, हाऊ वॉज युअर व्हेकेशन.

अशाच एका वर्षी मी आईशी भांडले ते तुला आठवत असेल. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, आईची उजवी बाजू लुळी पडून वर्ष होत आलं होतं, आणि तरी ती पलंगावरून मला हुकूम सोडत होती की वर्ध्याच्या आत्याकडे जाऊन आलंच पाहिजे. मी ताडकन म्हणाले, मला नाही जायचं, मी इथे कुणाची पाहुणी म्हणून फिरायला येत नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडली. मी स्वयंपाकघरात येऊन रडले. तू शेंगा सोलत होतीस. वर न पाहता म्हणालीस, "मग पुढच्या वेळी वाटेत कुठेतरी उतरा की. आठवडाभर. नवरा, बायको, पोरगी. आईला मी सांगीन, यंदा तीनच आठवडे रजा मिळाली."

मी म्हटलं, आईशी खोटं बोलू? तू म्हणालीस, "तू कशाला बोलतेस? मी बोलते ना."

असं ते सुरू झालं. कल्पना तुझी, खोटं बोलणारी तू. मी फक्त विमानातून उतरले.

आफ्रिका मात्र अरुणची. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सिंहाचे फोटो दाखवले होते आणि त्याच्या डोक्यात ते बसलं होतं. आमच्या तिकिटात नैरोबीला थांबून पुढे मुंबईला जाता येत होतं. मला खरं तर कुठल्याही समुद्रकाठी नुसतं पडायचं होतं. जनावरं बघायला एवढ्या लांब कशाला, आपल्या गल्लीत काय कमी आहेत, असं मी त्याला म्हटलंही. पण नैरोबीहून धुळीचा रस्ता तुडवत अंबोसेलीच्या अभयारण्यात पोचलो आणि माझी बोलतीच बंद झाली.

लॉज म्हणजे गवतात ओळीने बांधलेल्या छोट्या खोल्या, प्रत्येकीपुढे एक व्हरांडा, त्यात वेताच्या दोन खुर्च्या. समोर काही नाही. नुसतं पसरलेलं माळरान, मध्येच आपल्या बाभळीसारखी वरून सपाट झाडं, आणि लांबवर हिरवी दलदल. सकाळी सकाळी किलिमांजारो दिसायचा, डोक्यावर पांढरं घेऊन, आणि नाश्ता होईपर्यंत ढगात गडप. पहाटे छप्पर उघडणाऱ्या गाडीतून हिंडायचं, पण मला जास्त आवडायचं ते परत आल्यावर व्हरांड्यात बसणं. झेब्रे यायचे, विल्डेबीस्ट नावाच्या दाढीवाल्या हरणांचे कळप यायचे, जिराफ पाणी प्यायला पुढचे पाय फाकवून इतका अवघडून वाकायचा की बघणाऱ्यालाच कंबर धरावीशी वाटे. आणि हत्ती. सकाळी झाडीतून निघून एकामागे एक दलदलीकडे चालत जायचे, पोटापर्यंत चिखलात उभे राहून दिवसभर खायचे, पाठीवर बगळे घेऊन, आणि उतरत्या उन्हात तसेच परत. त्यांना कुणाकडे जायचं नव्हतं. मला कुणी विचारायला येत नव्हतं की कशी आहेस, किती वाळलीस, तिकडे धुणीभांडी कोण करतं. पहिले दोन दिवस मला सारखं वाटे की आपलं काहीतरी करायचं राहिलंय. तिसऱ्या दिवशी ते वाटणं बंद झालं. रीमा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, अरुण कॅमेऱ्याचं भिंग पुसत होता, आणि मला आठवेना की यापूर्वी मी अशी रिकामी कधी बसले होते.

नागपूरला आलो आणि अर्ध्या तासात रीमाने घोटाळा केला. आम्ही तिला विमानात दहा वेळा बजावलं होतं, डोन्ट टेल आजी. तिने आजीच्या पलंगावर चढून पहिलं वाक्य टाकलं, "आजी, यू नो, वी सॉ अ लायन. अ रिअल वन." तू मोरीतून हात पुसत बाहेर आलीस आणि म्हणालीस, "हो गं आई, त्यांच्याकडे फार मोठं प्राणिसंग्रहालय आहे. तिकडे सिंह मोकळे सोडतात, माणसं पिंजऱ्यात." आई हसली. मीही हसले, आणि मला वाटलं, किती सहज जमतं हिला.

फोटोंच्या पारदर्शक स्लाइड मी मुद्दाम तुझ्यासाठी नैरोबीतच धुऊन घेऊन आले होते. प्रोजेक्टर कुठून आणणार? दुपारी आई झोपली की आपण दोघी मागच्या खोलीत खिडकीशी बसायचो आणि तू एकेक स्लाइड उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहायचीस. तुझे प्रश्न मोठे विचित्र असायचे. सिंह किती मोठा, चित्ता किती पळतो, हे तुला नको होतं. जिराफ बसतो का? तरसाला बाकीची जनावरं बोलावतात का, की तो बिनबोलावता येतो? मग हत्तींच्या स्लाइड आल्या. तू एक खूप वेळ धरून ठेवलीस. कळपातली म्हातारी हत्तीण चालेनाशी झाली तर बाकीचे काय करतात, असं विचारलंस. मी नुकतीच तिथल्या गाइडकडून ऐकलेली माहिती ऐटीत सांगितली, की सगळा कळप हळू चालतो, तिच्यासाठी थांबतो.

"सगळेच?" तू म्हणालीस.

"सगळेच," मी म्हणाले.

"बरं आहे," असं म्हणून तू स्लाइड माझ्या हातात दिलीस. मी ती डबीत ठेवली आणि पुढची काढली. सुमा, मी इतकी मठ्ठ कशी होते? का मला कळलं होतं आणि मी डबीचं झाकण लावलं? या एका प्रश्नावर मी बर्फ पडत असताना गाडीत बसून राहिले आहे, घराच्या दारात, इंजिन चालू ठेवून.

परत आल्यावर आमच्या बेसमेंटमध्ये स्लाइड शो झाला. दहाबारा कुटुंबं, प्रत्येकीने एकेक भांडं भरून आणलेलं, पोरं कार्पेटवर लोळत होती. अरुणने पांढरी चादर टांगली होती. हत्ती दिसले की सगळे आ वासत होते. कुणीतरी विचारलं, मग नागपूरला काय सांगितलंत? आम्ही सांगितलं तसा एकच हशा झाला. एक गृहस्थ म्हणाले, "अरे यार, आम्ही तर लंडनला चार दिवस स्टॉप केला. घरी सांगितलं, फ्लाइट कॅन्सल झाली. आई बिचारी एअरलाइनला शिव्या देत बसली." मग एकेकाने आपापली चोरी काढली. कुणाचं स्वित्झर्लंड, कुणाचं ॲमस्टरडॅम. सगळ्यांच्या तोंडावर शाळा बुडवलेल्या पोरांसारखा आनंद होता. मीही त्या रात्री खूप हसले. आपल्यासारखेच सगळे आहेत, एवढ्याने माणसाचं मन किती हलकं होतं बघ.

दुसऱ्या खेपेला फोनवर मी तुला विचारलं, यंदाही जमेल का गं? तू म्हणालीस, हो, हो, जा. तिसऱ्या खेपेला मी विचारलंच नाही. तू दिलेली गोष्ट तोवर माझ्या हक्काची झाली होती. अरुणने लॉजचं बुकिंग आधीच करून टाकलं होतं. मी ट्रंक कॉल लावून तारीख सांगितली आणि म्हणाले, म्हणजे तसंच, नेहमीसारखं. लाइनवर क्षणभर काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, समुद्राखालच्या त्या तारांमुळे आवाज उशिरा पोचतो. मग तू म्हणालीस, "हो. नेहमीसारखं. सावकाश या."

मागच्या जुलैतली ती खेप. त्या आठवड्याइतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. पाऊस होऊन गेला होता, गवत पुरुषभर नसलं तरी गुडघाभर होतं. एका सकाळी हत्तींचा कळप दलदलीकडे जाताना लॉजच्या कुंपणालगत आला. इतका जवळ, की त्यांच्या पावलांचा आवाज येत नाही हे आम्हाला कळलं. एवढं मोठं जनावर, आणि आवाज नाही, नुसती गवताची सळसळ. मध्ये एक अगदी लहान पिल्लू होतं, सोंडेचं काय करायचं हे न कळून ते ती स्वतःच्याच पायाखाली घेत होतं. आईच्या मागून एक तरुण हत्तीण चालली होती. पिल्लू अडखळलं की आईच्या आधी ती थांबायची, त्याला सोंडेने पुढे ढकलायची आणि पुन्हा मागे व्हायची. मी अरुणला म्हणाले, सुमाला हे दाखवायला हवं होतं. अरुण म्हणाला, पुढच्या वेळी तिलाच बोलावू या की, थेट नैरोबीला. मी म्हटलं, आणि आईपाशी कोण? तेवढ्यात माकडाने आमच्या टेबलावरची साखर पळवली, रीमा खिदळायला लागली, आणि तो विषय तिथेच राहिला. तुला आफ्रिकेत बोलावण्याची गोष्ट आमच्या आयुष्यात एवढीच झाली, सुमा. माकड येईपर्यंत.

त्याच सकाळी तू नागपुरात काय करत होतीस ते मला आता माहीत आहे. आईला अंघोळ घातलीस, वेणी घातलीस, शाळेत मुलांना शिकवून आलीस. आणि काखेजवळची गाठ चाचपून पाहिलीस. ती तुला पावसाळ्याच्या आधीच लागली होती. डॉक्टरांनी लवकर दाखल व्हा म्हटलं होतं. तू त्यांना सांगितलंस, माझी बहीण येणार आहे, ती आली की होते.

आम्ही आलो. तू रीमाला कडेवर उचलायला गेलीस आणि मधेच थांबून म्हणालीस, बाई गं, केवढी झालीस. मी आणलेले साबण हुंगून त्यांची थट्टा केलीस. दोन दिवस काही बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता म्हणालीस, ताई, आता तू आहेस आईपाशी, तर मी जरा चार दिवस दवाखान्यात जाऊन येते. जणू रंगाऱ्याला बोलवायचं राहून गेलं होतं.

ऑपरेशननंतर दवाखान्याच्या गॅलरीत आपण भांडलो. पेशंटशी कुणी भांडतं का? पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, मला भीती वाटली की राग येतो. मी म्हटलं, फोनवर का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "सांगितलं असतं तर हत्ती बघितले असतेस का?" नसते बघितले, मी म्हणाले. "मग? गाठ कुठे पळून चालली होती का?" तू हसलीस. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, तू मला जन्माची गुन्हेगार करून ठेवलंस. एवढं ठरवायचा तुला काय अधिकार होता?

तुझं हसू गेलं. तू कठड्याला धरून उभी होतीस, अंगावर तो दवाखान्याचा हिरवा झगा. म्हणालीस, "ताई, तुझ्या वाट्याचं इतकी वर्षं मी केलं, ते तुला चाललं. आता माझ्या वाट्याचं मी ठरवलं तर चालत नाही?"

सगळ्या आयुष्यात तू मला असं एकदाच बोललीस. नर्स आली, तुला आत घेऊन गेली. संध्याकाळी मी डब्यात खिचडी आणली आणि आपण दोघींनी त्या भांडणाबद्दल चकार शब्द काढला नाही. मला वाटलं होतं, कधीतरी निवांत बोलू. माझ्याकडे उत्तर नव्हतं, सुमा, आजही नाही. पण तुला ते पुन्हा म्हणायची संधी तरी मी द्यायला हवी होती.

माझी रजा संपली. मी परत आले. हे वाक्य लिहायला सोपं आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मी राहू शकले असते. अरुण म्हणालाही होता, रीमाचं मी बघतो, तू रहा. पण माझी नोकरी होती. दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायचे आणि लोकांना पुढची वेळ द्यायची, एवढी ती नोकरी. त्यांनी मला काढलं असतं आणि मला तशीच दुसरी मिळाली असती. मी राहिले नाही कारण तू म्हणालीस, जा, मी ठीक आहे, आणि मला ते ऐकायचंच होतं. तुझ्या शाळेतल्या देशमुखबाई तुला उपचारांना नेत होत्या. मावशी आईपाशी येऊन राहिली. मी दर रविवारी फोन करायची. तू मावशीच्या नकला करून दाखवायचीस. मार्चमध्ये एका रविवारी तू फोनवर आली नाहीस.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. घरात तुझा वास होता, तू नव्हतीस.

इथे आमच्या ओळखीत मीनावहिनी डॉक्टर आहेत, मोठ्या दवाखान्यात. परवा त्या डबा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, "वासंती, लिसन टू मी. एका आठवड्याने काहीही डिफरन्स होत नाही. ती गाठ वर्षभर तरी आत असणार. तू डायरेक्ट आली असतीस तरी हेच झालं असतं." त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत. मी त्यांचे आभार मानले, चहा केला. पण मला जे टोचतं आहे त्यावर त्यांच्याकडे औषध नाही. त्या आठवड्याने तू गेली नाहीस, हे मान्य. त्या आठवड्यात तू एकटी होतीस, हे कुठे जातं? आठवडाभर आईच्या शेजारी पडून तू छताकडे बघत असशील, आणि माझ्या येण्याची वाट बघत असशील, आणि मी मजेत असेन असं मनाशी म्हणत असशील. आणि मी खरंच मजेत होते.

सगळ्यात वाईट सांगू? तो आठवडा मला वाईट दिसत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. त्या स्लाइड पुन्हा काढून बसले, म्हटलं, आता तरी ओकारी यावी. पण हत्ती तसेच सुंदर आहेत. ते पिल्लू तसंच अडखळतं. माझ्या चेहऱ्यावर एका स्लाइडमध्ये असं हसू आहे की अरुण म्हणतो, ही एन्लार्ज करू या. तुझ्या दुखण्याच्या आठवड्यात मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखी बाई होते. ते सुख तू दिलेलं होतं, म्हणून फेकूनही देता येत नाही, आणि जवळ ठेवताना हात भाजतो. आभार मानावेत तर कुठल्या तोंडाने?

नागपूरहून निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी आईपाशी बसले होते. मी म्हटलं, कागदपत्रं करते, तू माझ्याकडे चल. ती म्हणाली, तुझ्या त्या बर्फात मी खिडकीशी बसून कुणाला बघू? मावशी आहे, तिचं माझं भांडण चांगलं जमतं. मग मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं. आम्हाला चार आठवडे रजा असायची, एक आम्ही वाटेत काढायचो, सुमा तुझ्याशी खोटं बोलायची ती माझ्यासाठी. मी रडत होते. आई डाव्या हाताने माझ्या पाठीवर थोपटत होती, लहानपणी ताप आला की थोपटायची तसं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "दुपारी मला झोप कुठे लागते? तुमचे हत्ती सगळे ऐकलेत मी."

मी सरळ होऊन बसले. मग कधी बोलली का नाहीस, मी विचारलं.

पहिल्याच वर्षी आम्ही गेल्यावर आईने तुला विचारलं होतं म्हणे. खडसावूनच विचारलं, की माझ्या वाट्याचा आठवडा तू कुणाला विचारून दिलास? आईने तुझं उत्तर सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. "सुमी म्हणाली, ताई इथे येते आणि दमून जाते. एकदा दमेल, दोनदा दमेल. मग एकेक वर्ष पुढे ढकलेल, मग यायचंच बंद करेल. तिला वाटेत थोडं मोकळं होऊ दे, आई. एक आठवडा गेला तर गेला. तीन तरी आपल्याला मिळतील."

मी समजत होते की तू मला तुमच्यापासून सुट्टी दिलीस. इतकी वर्षं मी त्याच भ्रमात होते. तुम्ही दोघी त्या दोन खोल्यांत बसून विचार करत होतात की हिला यायला कसं लावायचं, हिचं येणं कसं टिकवायचं. मी दमले म्हणून कुरकुरत होते आणि तू मनात धास्तावत होतीस की ही सुटणार. तू मला कधी म्हणाली नाहीस, ताई, येत जा. तुला मागणं जमत नव्हतं. दूधवाल्याशी तावातावाने भांडणारी तू, माझ्यापाशी मात्र देऊन मागत राहिलीस.

सुमा, त्याची गरज नव्हती गं. तू काही दिलं नसतंस तरी मी आले असते. आल्यापासून रोज मी हे मनात म्हणते, भांडी घासताना, ऑफिसला ड्राइव्ह करताना, रीमाच्या डब्यात सँडविच भरताना. आणि रोज अर्ध्यावर थांबते. तू समोर असतीस तर मान जराशी तिरकी करून एवढंच विचारलं असतंस, खरंच आली असतीस? आणि मला हो म्हणता आलं नसतं.